माइक मन्चॅक: गार्डच्या जागेवरून लाइन कोचच्या फळ्यापर्यंत

खालची_कंबर (धागाकर्ता)

अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की गाडी चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपाशी येऊन थांबते. त्याच्या पुढे जे पाच जण उभे असतात (मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल; या रांगेला लाइन म्हणतात) त्यांच्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, म्हणून हा धागा. पाचांचं काम समजून घ्यायचं तर एका माणसाची कारकीर्द धरून जाणं सोपं पडतं. मी माइक मन्चॅक निवडलाय.

जन्म १९६०, पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन, म्हणजे कोळसा खाणींचा पट्टा. कॉलेज पेन स्टेट. १९८२ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंची संघांनी केलेली वार्षिक निवड) ह्यूस्टन ऑयलर्सने त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं, जागा गार्डची. पुढच्या वर्षी त्याच संघाने नवव्या क्रमांकावर ब्रूस मॅथ्यूजला घेतलं आणि १९८४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर डीन स्टाइनकूलरला. तीन वर्षं लागोपाठ पहिली निवड लाइनमनची! निकाल मात्र लगेच दिसला नाही. १९८३ मध्ये २-१४ (दोन विजय, चौदा पराभव), १९८४ मध्ये ३-१३. मग १९८७ ते १९९३ सलग सात वर्षं प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. लाइन मुरायला वेळ लागतो, त्याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत नाही.

मन्चॅक १२ हंगाम खेळला, सगळे ह्यूस्टनलाच. नऊ प्रो बोल (वर्षातल्या निवडक खेळाडूंत निवड), ६३ नंबरची जर्सी निवृत्त, २००१ मध्ये हॉल ऑफ फेम. १९९३ च्या हंगामानंतर गुडघ्यांमुळे थांबला.

माझा मुद्दा इथून पुढे आहे. इतक्या मोठ्या नावाच्या खेळाडूला थेट लाइन कोच केलं असतं तर कोणी हरकत घेतली नसती. पण १९९४ ते १९९६ ही तीन वर्षं तो त्याच संघात कनिष्ठ सहायक होता, क्वालिटी कंट्रोलचं काम करत. लाइनची जबाबदारी १९९७ मध्ये मिळाली, संघ टेनेसीला हलला त्या वर्षी, आणि तीच खुर्ची त्याने २०१० पर्यंत सांभाळली. १४ हंगाम एकच काम. माझ्या मते त्याच्या कोचिंगचा पाया त्या तीन वर्षांत आहे, बारा वर्षांच्या खेळात नाही.

पाटी_पेन्सिल

क्वालिटी कंट्रोल म्हणजे नक्की काय, हे सांगा की. नावावरून कारखान्यातला तपासनीस वाटतो.

खालची_कंबर

प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या काही सामन्यांची फिल्म घ्यायची आणि एकेका प्लेला खुणा लावायच्या: कितवा डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू मैदानाच्या कुठल्या बाजूला, बचावाची रांग कशी, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांची धाड) कुठून आला. सामन्याला साठ-सत्तर प्ले धरा. त्या खुणांवरून कल काढायचे, उदाहरणार्थ तिसरा डाउन आणि सात यार्ड असताना हे लोक कुठून माणूस सोडतात. मग सरावासाठी कार्डं काढायची. प्रत्येक कार्डावर अकरा खुणा आणि बाण. ते बघून राखीव खेळाडू प्रतिस्पर्ध्याची नक्कल करतात. कार्डावर एक बाण चुकला तर पुढचा सगळा सराव चुकीच्या गोष्टीचा होतो.

गार्ड म्हणून खेळताना माणसाला आपला गडी, शेजारचा गडी आणि समोरचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या रांगेतला) एवढंच दिसतं. हे काम केलं की रिसीव्हर कधी वळतो आणि क्वार्टरबॅक किती पावलं मागे जातो ते सगळं कळतं. आपण नक्की किती वेळ थोपवायचंय, हे लाइनमनला मग नेमकं सांगता येतं.

लाल_मातीतला

धागा आवडला. तंत्रावर लिहितो, कारण पाय कसे पडतात ते डोळ्यासमोर नसेल तर बाकी सगळं कोरडं वाटेल.

पास प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत त्याला वाचवताना, डावा टॅकल घ्या. पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद, डावा पाय थोडा मागे. वजन तळव्याच्या आतल्या कडेवर. टाच जमिनीला टेकलेलीच, पण तिच्यावर भार नाही. गुडघे वाकलेले, पाठ सपाट, नितंब खाली. कंबरेतून वाकला तर छाती पुढे पडते आणि समोरचा खांद्याला धरून खाली ओढतो. वाकायचं ते गुडघ्यात आणि नितंबात. कुस्तीत वस्ताद "कंबर खाली" म्हणून ओरडतात ते हेच.

चेंडू सुटला की डावा पाय मागे-बाहेर सरकतो, उजवा तेवढंच अंतर मागून भरून काढतो. याला किक-स्लाइड म्हणतात. उजव्या पायाने ढकलायचं, डाव्याने ओढायचं नाही. दोन पायांतलं अंतर कधीच खांद्यांपेक्षा कमी होता कामा नये. पाय जवळ आले त्याच क्षणी धक्का बसला तर दीडशे किलोचा माणूससुद्धा मागे पडतो.

नाक समोरच्याच्या आतल्या खांद्याच्या रेषेत ठेवायचं. म्हणजे आतली जवळची वाट बंद आणि बाहेरची लांबची उघडी. तो बाहेरून पळाला तर त्याला क्वार्टरबॅकच्या मागून वळसा घालावा लागतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे घाबरून खांदे बाहेर वळवणं. दरवाजा बिजागरीवर फिरावा तसं अंग उघडतं. समोरचा दोन पावलं बाहेर दाखवतो आणि आत शिरतो. टीव्हीवर वाटतं की टॅकल हळू होता. तो हळू नव्हता, त्याने पाठ मैदानाकडे करायची घाई केली.

टाच_टेकवा

हात राहिले. हात हे दुसरं पाऊल पडल्यानंतरचं काम, आधीचं नाही.

कोपरं बरगड्यांजवळ, अंगठे वर, तळहाताचा खालचा भाग समोरच्याच्या छातीवर, काखेच्या आतल्या बाजूला. पंच आखूड असतो, लांबून घातलेला नाही. हात लवकर सोडला की डोकं पुढे जातं, वजन बोटांवर येतं, आणि समोरचा तो हात झटकून बगलडूब मारतो. उशिरा सोडला तर त्याचे हात आधी आपल्या छातीवर. दोन्हींत फरक पापणी लवण्याएवढा.

समोरचा सरळ छातीवर रेटत आला तर जागच्या जागी दोन्ही पाय एकदम मागे टाकून बारीक उडी आणि उतरताना नितंब खाली. पाय नव्याने रोवायचे. एका उडीत भागलं नाही तर पुन्हा दुसरी. लहान पावलं टाकत मागे जाणारा थेट क्वार्टरबॅकच्या मांडीवर जाऊन बसतो.

एक इतिहासातली गोष्ट. १९७८ पर्यंत पास ब्लॉकिंगमध्ये हात लांब करून उघड्या पंजाने थोपवायला परवानगी नव्हती. त्या वर्षी नियम बदलला. मन्चॅक १९८२ मध्ये आला, म्हणजे उघड्या हातांच्या तंत्रात वाढलेल्या पहिल्या पिढ्यांपैकी. हातांचं शास्त्र तेव्हा घडत होतं.

पाटी_पेन्सिल

पण मग होल्डिंग कशाला म्हणतात? हात छातीवर ठेवून जर्सी धरली तर चालतं का?

टाच_टेकवा

हात समोरच्याच्या अंगाच्या चौकटीच्या आत असले आणि त्याच्यासमोर आपण असलो तर पकड चालवून घेतात. तो बाजूने निघून चालला असताना त्याला ओढलं, वळवलं, खांद्यावर हात अडकवला की पिवळा रुमाल आणि दहा यार्ड मागे.

याचं ठळक उदाहरण डेन्व्हरचा डावा टॅकल गॅरेट बोल्स. २०१७ मध्ये ब्रॉन्कोजची पहिल्या फेरीची निवड. पहिली दोन-तीन वर्षं होल्डिंगमुळे घरच्याच मैदानावर त्याच्या नावाने बोंब होती. मन्चॅक २०१९ मध्ये तिथे लाइन कोच म्हणून गेला. २०२० मध्ये बोल्स ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीच्या) दुसऱ्या संघात निवडला गेला आणि त्याच हंगामात त्याचा करार वाढवला.

बोल्सच्या जुन्या फिल्मा शांतपणे बघा. होल्डिंग हाताने होतं, पण सुरुवात पायात असते. पहिली किक आखूड पडली, समोरचा खांद्याच्या पुढे गेला, की उरलेलं काम हात करू बघतो. अशा खेळाडूला "धरू नकोस" सांगून काहीच होत नाही. त्याला तिसऱ्या पावलाला कुठे असायला हवं ते सांगावं लागतं.

सव्वापाच_यार्ड

कोचिंगबद्दल थोडा वेगळा सूर लावतो. मोठा खेळाडू मोठा कोच होतो, असा समज या धाग्यावरून होऊ नये.

दान्ते स्कार्नेकिया घ्या. न्यू इंग्लंडचा लाइन कोच, पाच सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकलेला, आणि एनएफएलमध्ये, म्हणजे या व्यावसायिक लीगमध्ये, एक डावही खेळलेला नाही. दुसऱ्या टोकाला हॉवर्ड मड, स्वतः उत्तम गार्ड आणि नंतर इंडियानापोलिसमध्ये (कोल्ट्स) क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगसमोरची लाइन वर्षानुवर्षं घडवणारा. मुख्य कोचच्या खुर्चीत फॉरेस्ट ग्रेगने सिनसिनाटीला सुपर बोलपर्यंत नेलं. आर्ट शेल १९८९ मध्ये रेडर्सचा मुख्य कोच झाला, आधुनिक लीगमधला पहिला कृष्णवर्णीय. दोघेही हॉल ऑफ फेममधले टॅकल.

आणि जेफ सॅटरडे. कोल्ट्सचा फार मोठा सेंटर. नोव्हेंबर २०२२ मध्ये हंगामाच्या मध्यावर त्याला थेट हंगामी मुख्य कोच केलं. लीगमध्ये कोचिंगचा अनुभव शून्य. पहिला सामना जिंकला, पुढचे सात हरला. त्यात मिनेसोटाविरुद्ध ३३-० अशी आघाडी असताना ३९-३६ अशी हार. पिछाडीवरून जिंकण्याचा लीगच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा विक्रम. त्याने जो आधीचा विक्रम मोडला तो ३ जानेवारी १९९३ चा, बफेलोविरुद्ध ३५-३ वरून ४१-३८ हरलेला संघ, म्हणजे मन्चॅकचेच ऑयलर्स.

सॅटरडे हुशार नव्हता असं कोणी म्हणू शकत नाही. पण कार्डं काढण्याची तीन वर्षं त्याच्या वाट्याला आलीच नाहीत. धागाकर्त्यांच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे तो इथे.

खालची_कंबर

@सव्वापाच_यार्ड, पूर्ण सहमत. मन्चॅकच्या बाबतीत आणखी एक अवघड गोष्ट होती. मॅथ्यूज २००१ पर्यंत खेळला. म्हणजे ज्याच्या खांद्याला खांदा लावून अकरा हंगाम काढले, त्यालाच १९९७ पासून कोच म्हणून गुण द्यायचे. १९९९ ची टायटन्सची (ऑयलर्सचंच टेनेसीतलं नवं नाव) लाइन: डावीकडून ब्रॅड हॉपकिन्स, मॅथ्यूज, केविन लाँग, बेंजी ओल्सन, जॉन रुन्यन. मागे चेंडू घेऊन धावणारा एडी जॉर्ज. सुपर बोलमध्ये रॅम्सविरुद्ध एका यार्डाने राहिले तो हा संघ.

पुढे २००८ ची लाइन: मायकल रूस, यूजीन अमानो, केविन मवाए, जेक स्कॉट, डेव्हिड स्टुअर्ट. १३-३ चा हंगाम, सोळा सामन्यांत फक्त १२ सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं). सामन्याला एकसुद्धा नाही. २००९ मध्ये याच पाचांच्या मागे ख्रिस जॉन्सन २,००६ यार्ड धावला. रूस आणि स्टुअर्ट दोघेही टायटन्सनेच ड्राफ्ट करून वाढवलेले. स्कॉट आणि मवाए बाहेरून आणलेले. दोन्ही प्रकारच्या माणसांना एका भाषेत बोलायला लावणं हे खरं काम.

पाटी_पेन्सिल

गुण देतात म्हणजे शाळेसारखे?

टाच_टेकवा

हो, जवळपास तसंच. सामन्यानंतर प्रत्येक स्नॅपला, म्हणजे प्रत्येक प्लेला, दोन शेरे: काम बरोबर ओळखलं का, आणि तंत्र बरोबर होतं का. दोन्ही वेगळे ठेवायचे. चुकीच्या माणसाला उत्कृष्ट ब्लॉक केला तर तंत्र बरोबर, काम चूक, आणि ती चूक जास्त महाग. लाइनची फिल्म एंड झोनच्या कॅमेऱ्यातून बघतात, कारण बाजूच्या कॅमेऱ्यातून पाचही जण एकमेकांवर चढलेले दिसतात. ६५ पैकी ६० बरोबर हा आकडा दिसायला छान आहे, पण उरलेल्या पाचांत दोन सॅक आणि एक फंबल (हातून निसटलेला चेंडू) असू शकतो.

लाल_मातीतला

पिट्सबर्गच्या वर्षांवर कोणी लिहिलं नाही अजून. २०१४ ते २०१८. माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं काम तिथलं.

अलेहांद्रो व्हियानुएवा. सहा फूट नऊ इंच. वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीतून आलेला, तिथे रिसीव्हरपासून टॅकलपर्यंत बऱ्याच जागी खेळलेला, मग आर्मी रेंजर आणि अफगाणिस्तानात तीन फेऱ्या. २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या शिबिरात तो बचावाच्या बाजूने होता आणि तिथून सोडला गेला. पिट्सबर्गच्या स्टीलर्सनी घेतला आणि डाव्या टॅकलला वळवला. २०१४ चं पूर्ण वर्ष प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये (फक्त सरावासाठी ठेवलेल्या खेळाडूंत): वजन वाढवणं आणि पाय बसवणं. ऑक्टोबर २०१५ मध्ये केल्विन बीचमचा गुडघा गेला आणि हा आत आला. नंतर जागा सोडलीच नाही. २०१७ आणि २०१८ ला प्रो बोल.

बचावपटूला टॅकल करताना अडचण कुठे येते ते सांगतो. बचावपटूचं अंग पुढे जायला शिकलेलं असतं: चेंडू सुटला की झेप. टॅकलला तीच झेप दाबून मागे जाता जाता वाट बघायची असते. सहा फूट नऊच्या माणसाला आणखी एक संकट, समोरचा आपोआपच त्याच्या काखेखाली असतो. फायदा एकच, लांब हात, आणि तो फायदा पाय जागेवर असतील तरच मिळतो. म्हणून अशा खेळाडूकडून आधी महिनोन् महिने हात मागे बांधल्यासारखे ठेवून नुसता आरसा करून घेतात: समोरचा डावी-उजवीकडे सरकतो, याने छातीसमोर राहायचं, हात लावायचा नाही. हात बाजूला काढले की पायांचा आळस लगेच दिसतो.

ख्रिस हबर्ड आणि मॅट फायलर हेही ड्राफ्ट न झालेले, याच लाइनमधून उभे राहिले. हबर्डला २०१८ मध्ये क्लीव्हलंडने मोठ्या करारावर नेलं.

सव्वापाच_यार्ड

धावण्याच्या खेळाकडे वळू. पिट्सबर्गच्या त्या लाइनचं सौंदर्य डबल टीममध्ये होतं.

दोन ब्लॉकर बचावाच्या एका जाड टॅकलवर जातात (बचावाच्या रांगेतल्या मधल्या गड्यालाही टॅकलच म्हणतात). पहिलं पाऊल दोघांचं एकदम, नितंबाला नितंब चिकटलेला, मध्ये फट नाही. चार हात टॅकलवर, चार डोळे मागच्या लाइनबॅकरवर. लाइनबॅकर ज्या बाजूने येईल त्या बाजूचा ब्लॉकर सुटून त्याच्यावर जातो, दुसरा टॅकल ताब्यात घेतो. लवकर सुटला तर टॅकल दोघांच्या मधून फोडून येतो. उशिरा सुटला तर लाइनबॅकर भोकात उभा. आधी ठरवून सुटणारा हमखास चुकतो.

आता चेंडू घेऊन धावणारा लेव्हियन बेल. तो चेंडू घेऊन लाइनच्या मागे जवळजवळ थांबायचा. लोक त्याला त्याची शैली म्हणायचे, पण लाइनसाठी त्याचा हिशोब सरळ होता. तो थांबला की लाइनबॅकर ठरवू शकत नाही, आणि तेवढा वेळ डबल टीम टिकून टॅकलला आणखी दोन पावलं मागे नेते. मात्र बाकीच्या ब्लॉकरना नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवावं लागतं. पाय सैल असणाऱ्या लाइनमागे बेलची शैली चाललीच नसती.

खालची_कंबर

आणि डेव्हिड डेकॅस्ट्रोचं पुलिंग, म्हणजे आपली जागा सोडून दुसऱ्या बाजूला जाऊन ब्लॉक करणं! उजवा गार्ड, डावीकडे निघायचा. डावा पाय किंचित मागे उघडायचा, डावं कोपर जोरात मागे फेकायचं म्हणजे कंबर वळते, आणि उजव्या पायाने रेटा. उभं राहायचं नाही. डबल टीमच्या पाठीला घासून जायचं आणि नजर आधी आत. लांबचा वळसा घेतला तर मधल्या फटीतून लाइनबॅकर आत येतो.

दुसरी बारीक गोष्ट स्टान्समधली, म्हणजे प्ले सुरू होण्याआधीच्या बैठकीतली. पुल करायचं असेल तेव्हा गार्ड नकळत टाचांवर बसतो, जमिनीवरचा हात हलका होतो. सरळ रेटायचं असेल तेव्हा बोटांवर भार येऊन नखं पांढरी पडतात. अनुभवी बचावपटू बोटांकडेच बघतो. म्हणून प्रत्येक स्नॅपला हातावर सारखाच हलका भार, ही सवय लावावी लागते.

टाच_टेकवा

या सवयी लावायला वेळ मिळत नाही, हे आजचं खरं दुखणं आहे. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०११ च्या करारानंतर दिवसातून दोनदा पॅड घालून सराव बंद, आणि नियमित हंगामात पॅडचे सराव फक्त १४. खेळाडूंच्या शरीरासाठी ते योग्यच झालं. पण पावलं आणि आरसा पॅडशिवाय शिकता येतात; रेटा अंगावर घेऊन पाय रोवणं पॅडशिवाय येत नाही. पासिंगप्रधान कॉलेजांतून येणाऱ्या मुलांनी जमिनीवर हात टेकवून स्टान्स घेतलेलाच नसतो, त्यामुळे कोचला दोन वर्षांचं काम त्या चौदा सरावांत बसवावं लागतं.

शिवाय संघाच्या ५३ खेळाडूंत लाइनमन आठ-दहाच. २०२० पासून सामन्याला किमान आठ लाइनमन घेतले तर ४८ खेळाडू चालतात, नाहीतर ४७. म्हणजे राखीव माणसाने एकापेक्षा जास्त जागा सांभाळायलाच हव्यात. गार्ड असलेल्याला सेंटरचा स्नॅप रोज करावा लागतो, ओल्या चेंडूनेसुद्धा.

पाटी_पेन्सिल

मुख्य कोच म्हणून मन्चॅकचं काय झालं?

सव्वापाच_यार्ड

२०११ ते २०१३, टायटन्स. ९-७, ६-१०, ७-९. एकूण २२-२६. लाइन कोच म्हणून त्याने मॅथ्यूजलाच आणलं होतं. जानेवारी २०१४ मध्ये काढलं. सहायकांपैकी बऱ्याच जणांना बदलायला सांगितलं आणि त्याने नकार दिला, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. काही आठवड्यांत तो पिट्सबर्गला पुन्हा लाइन कोच.

माझं मत: मुख्य कोच म्हणून तो वाईट नव्हता, पण दिवसाचे बारा तास पाच माणसांच्या पायांकडे बघणाऱ्याला त्या खुर्चीत पायांकडे बघायला मिळत नाही.

लाल_मातीतला

@पाटी_पेन्सिल, बघायला सुरुवात करायची असेल तर ११ डिसेंबर २०१६ चा बफेलोतला सामना काढा. बर्फ पडतोय, बेल २३६ यार्ड धावला, स्टीलर्सचा विक्रम. पहिल्या वेळी चेंडू बघा. दुसऱ्या वेळी चेंडू सोडून फक्त ६६ नंबर, डेकॅस्ट्रो, पहिल्या पावलापासून शिट्टीपर्यंत. तिसऱ्या वेळी ५३, पाउन्सी: स्नॅपचा हात परत वर यायच्या आधी त्याचं पहिलं पाऊल पडलेलं असतं का ते मोजा. घसरड्या जमिनीवर पावलं किती आखूड झालीत, तेही लक्षात येईल. काही अडलं तर प्लेचा क्वार्टर आणि वेळ इथेच लिहा, त्या प्लेवर बोलू.